नावाडी जिवंत असल्याबद्दल

लेखक घरी येणार ही बातमी भाऊंनी दिली तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे पहिल्या खेपेला ती कोणालाच कळली नाही. टाचण्या काढून त्यांनी ती पुन्हा सांगितली, आणि कारखान्यातली तिन्ही शिवणयंत्रं एकदम थांबली.

"आज. संध्याकाळी. इथे."

"इथे म्हणजे दुकानात, की आत?" भाऊंच्या बायकोने, वहिनींनी विचारलं. दुकान झाडायला पाच मिनिटं पुरतात. आतलं झाडायला माणसाला दुसरा जन्म घ्यावा लागतो.

"आत. ते येणार, बसणार, आणि कादंबरीचा आठवा भाग बरोबर आणणार. बाजारात यायच्या आधी. शेवटचा भाग, आणि जगात पहिल्यांदा तो आपल्या घरात उघडणार."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शनिवार आहे."

"म्हटलं, नाही आले तर उगाच तुम्हाला वाईट वाटेल."

भाऊ स्वतः पाच दिवस न जेवल्यासारखे का हिंडत होते, याचा उलगडा वहिनींना आता झाला. त्या इतके दिवस तो मधुमेह समजत होत्या.

दुकानामागच्या त्या लांबट खोलीला हे घर कारखाना म्हणत असे. छताला छत्र्या उलट्या टांगलेल्या, भिंतीशी दांड्यांचे भारे, आणि मधोमध उंच पाठीची एक खुर्ची. खुर्ची अक्कांची. अक्का भाऊंच्या थोरल्या बहीण. त्यांनी लग्न केलं नाही आणि छत्रीही कधी शिवली नाही. सगळ्यांचे हात कामात असताना त्या कादंबरी वाचून दाखवत. आप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, धंद्यात फारसे नियम घालून दिले नव्हते, पण वाचनाचे घालून दिले होते. घरात एकच प्रत. वाचणारा आवाज एकच. पुस्तकात जो स्वतःहून डोकावेल त्याने कारखान्यात बसायचं नाही, बाहेर गिऱ्हाईक बघायचं. त्यामुळे सेनापतीच्या त्या ऐतिहासिक कादंबरीमालेचे सातही भाग या घराला तोंडपाठ होते आणि एकही भाग कोणी वाचलेला नव्हता.

"मी काय काय विचारणार ते ठरवून ठेवलंय," भाऊ म्हणाले. "पहिला प्रश्न हत्तीचा."

हत्ती म्हटल्याबरोबर सगळे हसले. भाऊंचा मुलगा हसला. त्याला अंगकाठीमुळे सगळे काडी म्हणत. काडीची बायको, म्हणजे घरातली सून, तीही हसली, पण तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. पाचव्या भागात तिरळा नावाडी शत्रूच्या छावणीतून हत्ती पळवतो आणि नाव बुडेल म्हणून हत्तीला सांगतो, तू पोह, मी तुझ्यावर बसतो. या घरात ज्याला सर्दी झाली, ज्याचा पेपर वाईट गेला, ज्याला कारखान्यात वैताग आला, त्याला हा प्रसंग पुन्हा वाचून दाखवत.

"हत्ती तुम्हाला सुचला कसा, असं सरळ विचारणार," भाऊ म्हणाले. "अक्का, तुला काय विचारायचंय?"

अक्का पांढऱ्या पडल्या होत्या. "मला काही नाही," त्या म्हणाल्या. "थोर माणसांना जास्त विचारू नये."

*

स्वयंपाकघरात सून कप पुसत होती. अक्का आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. ते दार आजवर कोणी लोटलेलं नव्हतं, त्यामुळे ते नीट लागेना.

"मघाशी तू हसता हसता थांबलीस," अक्का म्हणाल्या. "का?"

सुनेने कप खाली ठेवला. "आत्या, नावाडी तिसऱ्या भागात बुडतो."

अक्कांनी चहाखालचा गॅस बारीक केला.

"तू वाचलंयस."

"कॉलेजात असताना. सगळे. हॉस्टेलवर ज्या रात्री तो बुडाला त्या रात्री आम्ही चौघी जेवलो नव्हतो. मग लग्न होऊन इथे आले, पहिल्याच आठवड्यात तुम्ही सातवा भाग वाचत होतात, आणि नावाडी सासऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला आहेर काय न्यावा म्हणून सेनापतीचा सल्ला घेत होता. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. लायब्ररीत जाऊन बघून आले."

"आणि बोलली नाहीस."

"नवीन होते. आणि खरं सांगू का, आहेराचा भाग मला मूळ पुस्तकापेक्षा आवडला."

अक्का स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांच्या लेखनाबद्दल बोललं होतं, आणि ती वेळ सुखाची नव्हती.

झालं होतं ते असं. तिसरा भाग आला तेव्हा आप्पा नुकतेच हृदयविकारातून उठले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना कसलाही धक्का द्यायचा नाही. आप्पा कारखान्यात बसून ऐकत होते, हात छातीवर, आणि पानावर नावाडी दोर हातात धरून पाण्याखाली जात होता. साऱ्या कादंबरीत अक्कलवान माणूस तेवढा एकच, असं आप्पांचं मत होतं. अक्कांनी पुढचं वाक्य पाहिलं. "तो पुन्हा वर आला नाही." मग त्यांनी आप्पांच्या हाताकडे पाहिलं आणि वाचलं, "आणि नावाडी वर आला, पाणी थुंकला आणि म्हणाला, तंबाखू भिजली." आप्पा इतके हसले की डॉक्टरांना बोलवावं लागलं, पण ते वेगळ्या कारणासाठी.

एका वाक्याची थाप, एवढीच अक्कांची कल्पना होती. पण मेलेल्या माणसाला एकदा वर काढलं की त्याच्या जेवणाखाण्याची सोय पुढे आपल्यालाच करावी लागते. चौथ्या भागात लेखकाने नावाड्याचं नावही घेतलं नव्हतं. आप्पा रोज विचारत, "आमचा माणूस कुठाय?" मग अक्का वाचता वाचता त्याला कुठेतरी घालू लागल्या. कधी वाड्याच्या मागच्या दारी, कधी तहाच्या बैठकीत पडद्याआड. पुढे आप्पा गेले. त्यानंतर नावाड्याला मारणं म्हणजे आप्पांना दुसऱ्यांदा नेण्यासारखं झालं असतं. ते अक्कांच्याने झालं नाही.

"मामंजी चिडतील म्हणून घाबरताय?" सुनेने विचारलं.

"चिडला तर बरं. चिडून तो तासाभरात विसरतो." अक्का हाताने स्टूल चाचपत होत्या. "तो मला खुर्चीवरून उठवणार नाही गं. बस म्हणेल. मी वाचेन, आणि तो ऐकणार नाही. प्रत्येक वाक्याला मनात म्हणेल, हे पुस्तकातलं की हिचं? मग वाचून उपयोग काय?"

सुनेने पदर खोचला. "मी लेखकांच्या शेजारी बसते. त्यांना नावाड्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. घोडे विचारते. तोफा विचारते. थोर माणसं स्वतःबद्दल बोलायला लागली की थांबत नाहीत."

"आणि हत्ती?"

"हत्ती आला की मी चहा सांडते."

"कोणावर?"

"ते वेळ आल्यावर बघू."

तेवढ्यात दार ढकलून वहिनी आत आल्या. सून पुसलेला कप पुन्हा पुसू लागली.

वहिनींनी दोघींकडे पाहिलं. नणंद-भावजयीचं या घरातलं वैर जुनं होतं आणि दोघींनी ते निगुतीने सांभाळलं होतं. किटलीचं झाकण कोणी हरवलं यावरून एकदा दोघी अख्खा उन्हाळा बोलत नव्हत्या. झाकण सापडलं तेव्हा बोलायची वेळ आली म्हणून दोघींनाही वाईट वाटलं होतं. आता स्वतःचीच सून वैऱ्याच्या गोटात कप पुसताना पाहून वहिनींना जे वाटलं त्याला त्यांनी काळजी असं नाव दिलं.

"वन्सं, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"चेहरा उतरलाय म्हणून विचारलं."

"तो असाच आहे. तू इतक्या वर्षांत नीट बघितला नसशील."

वहिनींनी साखरेचा डबा उचलला आणि त्या बाहेर गेल्या. त्यांना जे हवं होतं ते ऐकून झालं होतं. दाराची कडी लागत नाही, हे त्यांना घरातल्या इतर कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं.

*

लेखक आले ते बुटके निघाले. भाऊंच्या मनात ते घोड्यावर होते. प्रत्यक्षात ते काडीच्या स्कूटरवरून उतरले. डोक्यावर काडीचंच हेल्मेट, एका काखेत पिशवी, दुसऱ्या काखेत दोन मोडक्या छत्र्या.

"तुम्हीच दर भागाला छत्री पाठवता ना?" ते भाऊंना म्हणाले. "दोन्हींच्या काड्या गेल्यात. म्हटलं गावात सत्कार आहेच, तर काम करून घ्यावं."

फोनवरही त्यांनी हेच सांगितलं होतं. पण भाऊंच्या कानात "मी येतोय" एवढंच शिरलं होतं आणि त्यापुढे बँड वाजायला लागला होता. त्यांनी दोन्ही छत्र्या हातात घेतल्या. त्यांच्या छत्र्या. वापरलेल्या. एकीच्या मुठीवर शाईचा डाग होता. त्या शाईनेच सेनापतीने किल्ला घेतला असेल, या विचाराने भाऊंना बोलवेना.

लेखकांना अक्कांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसवलं. सून ठरल्याप्रमाणे शेजारी बसली.

"सर, घोड्यांचा इतका अभ्यास तुम्ही कधी केलात?"

"नाही केला. मला घोडा चावला होता. तेवढ्यावर भागवलं."

"आणि तोफा?"

"तोफ चावत नाही, म्हणून जरा जास्त लिहिलं."

सुनेच्या लक्षात आलं की हा थोर माणूस स्वतःबद्दल बोलायला लागत नाही. आयुष्यभर लोकांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, सेनापती आणि राजकन्येचं लग्न होणार का, आणि उत्तरादाखल द्यायचं एक हसू त्याने फार वर्षांपूर्वी बसवून घेतलं होतं. तेच तो आत्ता आळीपाळीने सगळ्यांना देत होता. काडीला, वहिनींना, भिंतीशी उभ्या असलेल्या अक्कांना.

भाऊंनी पहिल्या छत्रीची काडी बदलली, दांड्यावरचा घोडा, म्हणजे खटका, दाबला, छत्री भस्सकन उघडली, आणि त्या आवाजासरशी त्यांना वाचा फुटली.

"सर, हत्ती."

सुनेने कपाकडे हात नेला. कप रिकामा होता. लेखकांनी चहा संपवला होता.

"कुठला हत्ती?" लेखक म्हणाले.

"पाचव्या भागातला. नावाडी पळवतो तो."

"नावाडी?"

"तिरळा. सर, खरं सांगतो, सेनापती मोठा आहेच, पण आमच्या घरात माणूस म्हणाल तर नावाडी."

लेखकांचं बसवलेलं हसू विस्कटलं. "तो तर मेला," ते म्हणाले. "तिसऱ्या भागात. मी मारला."

भाऊ समजुतीने हसले. "नाही सर."

"नाही म्हणजे?"

"जवळजवळ मरतो. मग वर येतो. तंबाखू भिजली म्हणतो."

"कोण म्हणतं?"

"नावाडी."

"अहो, मी लिहिलंय ते."

"हो, पण बरीच वर्षं झाली ना," भाऊ अतिशय आदराने म्हणाले. "एवढे आठ भाग. एखाद्या वेळी आठवत नाही."

काडीनेही वडिलांची बाजू घेतली. "सर, तहाच्या बैठकीत तो पडद्यामागे शिंकतो. त्या शिंकेमुळे तर तह मोडतो."

"तह दिवाणाच्या फितुरीने मोडतो," लेखक म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "त्या फितुरीवर मी तीन महिने घालवले."

"फितुरी आहेच," काडी म्हणाला. "पण शिंक आधी."

लेखक उठून उभे राहिले. उभे राहून फारसा फरक पडला नाही. "पुस्तक आणा," ते म्हणाले. "तिसरा भाग."

पुस्तक अक्कांच्या खुर्चीमागच्या फळीवर होतं. कोणी हललं नाही. घरचा नियम म्हणजे नियम, आणि तो मोडायचा तर लेखकासाठी का होईना, मोडावा की नाही, हे भाऊंना ठरवता येईना. शेवटी अक्का स्वतः गेल्या, पुस्तक काढलं, पान उघडलं आणि भाऊंच्या हातात दिलं. पान शोधावं लागलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

भाऊंनी वाचलं. मोठ्याने वाचायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे फक्त ओठ हलले. मग त्यांनी पान उलटलं, पुढचंही वाचलं. तंबाखू कुठेच नव्हती. पुढच्या प्रकरणात युद्ध सुरू झालं होतं.

"अक्का," ते म्हणाले, "हे काय आहे?"

"आप्पांसमोर मला तो मारवला नाही."

"आप्पा जाऊन किती वर्षं झाली?"

"झाली."

"आणि हत्ती?"

"माझा."

"आहेर?"

"तोही."

भाऊंनी पुस्तक हळूच मिटलं. "मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा तू नावाडी आजारी पडल्याचं वाचलं होतंस. म्हटलं, काय योगायोग आहे." त्यांनी लेखकांकडे पाहिलं नाही, बहिणीकडेही नाही. ते आपल्या यंत्रावर जाऊन बसले आणि दुसऱ्या मोडक्या छत्रीची शिवण उसवू लागले. जिची उसवायची गरज नव्हती तीही.

अक्का खुर्चीपाशी उभ्या होत्या, पण बसल्या नाहीत. सून उठली आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "मामंजी, मला माहीत होतं," ती म्हणाली. "चूक असेल तर माझीही धरा."

"तू बाहेर गिऱ्हाईक बघ," भाऊ मान वर न करता म्हणाले.

"मग मलाही बाहेर जावं लागेल," वहिनी म्हणाल्या.

आता भाऊंनी मान वर केली.

"चौथा भाग मी माहेरी वाचलाय. पहिल्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा. तिकडे कोणाच्या तरी घरात होता." वहिनी साखरेचा डबा अजून हातात धरून होत्या. "म्हटलं, परत गेल्यावर वन्संना चांगली धरते. आयतंच हाती लागलंय. आले, कारखान्यात बसले, आणि वन्संनी नावाड्याला विहिरीत उतरवला. वर कसा काढतात ते ऐकून मग बोलू म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर काढला तर तो दरोडेखोरांच्या ताब्यात. मग ते संपेपर्यंत थांबले. असं करता करता राहूनच गेलं."

"तू मला सांगितलं नाहीस," अक्का म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता. तुमचा स्वभाव मला ठाऊक नाही का?"

अक्कांना यावर नेहमीसारखं काहीतरी लागट बोलायचं होतं. त्याऐवजी त्यांनी वहिनींच्या हातातल्या डब्याचं झाकण घट्ट लावून दिलं.

एवढ्या वेळात लेखकांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. नावाड्याला मारण्याचं कारण त्यांना चांगलं आठवत होतं. तिसरा भाग संपत आला होता, प्रकाशक घाई करत होता आणि कोणीतरी मरणं भाग होतं. नावाडी हाताशी होता. मारल्यावर दोन दिवस त्यांना चुकल्यासारखं वाटलं आणि मग चौथ्या भागाचा आगाऊ मोबदला आला. गेल्या चाळीस वर्षांत एकाही वाचकाने नावाड्याची चौकशी केली नव्हती. आणि इथे एका छत्रीच्या कारखान्यात तो हत्तीवर बसून हिंडत होता, आणि त्याच्यापायी घरातली माणसं एकमेकांशी बोलायची थांबली होती.

"बाई," ते अक्कांना म्हणाले, "हत्तीला पोहायला लावला, तो बरोबर नदीच्या कुठल्या काठाला लागला?"

"पलीकडच्या. तुमचं सैन्य होतं तिथे."

"माझं सैन्य डोंगरात होतं."

"तुमचं डोंगरात होतं. मला नदीवर लागत होतं, म्हणून मी थोडं खाली आणलं."

लेखक पुन्हा खाली बसले. "आणि दरोडेखोर? तिथून सुटला कसा?"

"त्यांच्या म्होरक्याला उसने पैसे मागितले. त्यांनी स्वतःच सोडून दिला."

लेखक हसले. हे हसू आधीच्यासारखं नव्हतं. ते खोकल्यासारखं सुरू झालं आणि काडीला पाणी आणायला पळावं लागलं. डोळे पुसून त्यांनी पिशवीतून आठवा भाग काढला. कोरा, पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

"यात तो नाही," ते म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो. शेवटचं प्रकरण मी स्वतः वाचून दाखवायचं ठरवून आलो होतो. सत्कारातही तेच वाचणार आहे." त्यांनी पुस्तक पुढे केलं. "पण इथे तुम्हीच वाचा."

अक्कांनी हात पुढे केला नाही. त्या यंत्राकडे बघत होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी पुस्तकात आहे तेवढंच वाचीन. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शपथ घेते."

भाऊंनी छत्रीची काडी जागेवर बसवली, दांडा उजेडाकडे धरून सरळ आहे का पाहिलं, कापड ताणलं. ते करताना माणसाला फार विचार करता येतो, हे छत्रीवाल्यांना माहीत असतं.

"सेनापतीचं काय व्हायचं ते होईल," शेवटी ते म्हणाले. "तो बुधवारी दुकानातसुद्धा मिळेल." त्यांनी दोरा तोंडात धरला, तोडला. "आमचा माणूस कुठाय ते सांग."

अक्का खुर्चीत बसल्या. काडी आपल्या यंत्रावर गेला. वहिनींनी डबा ठेवला आणि कापडाचा ढीग मांडीवर ओढला. सुनेला कोणी बाहेर पाठवलं नाही, त्यामुळे तिनेही एक छत्री घेतली. लेखकांच्या हातात मुठींचं ताट दिलं होतं, पुसायला. इथे रिकाम्या हाताने ऐकत नाहीत, हे वहिनींनी त्यांना नम्रपणे सांगितलं होतं.

अक्कांनी बोटाने शेवटच्या प्रकरणाची पानं सोडवली आणि चष्मा वर केला.

"पहाट झाली," त्यांनी वाचलं. "लढाई संपली होती. सेनापती किनाऱ्यावर एकटाच उभा होता."

यंत्रं चालू नव्हती. लेखकांच्या हातातलं फडकं थांबलं होतं. ते वाक्य त्यांनी अकरा वेळा लिहून काढलं होतं, आणि पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं.

अक्कांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

"एकटाच," त्या वाचू लागल्या, "कारण नावाडी जरा आडोशाला गेला होता, आणि जाताना म्हणून गेला होता, मी आल्याशिवाय काही सुरू करू नका."

भाऊंनी यंत्राचं चाक फिरवलं.